भेकड म्हटलेल्या माणसाचे पातेले

मी एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले आहे. मित्रांनो, माझ्यात एका वेळी शंभर मुलांचे सूप होत असे.

माझा जन्म इंग्लंडमधला. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, क्लिफर्ड नावाच्या तरुणाने मला जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आणले. युद्धात त्याने बंदूक हाती घ्यायला नकार दिला होता. "मी माणूस मारणार नाही," एवढेच तो म्हणाला आणि तुरुंगात गेला. सुटून आल्यावर वडिलांनी त्याला घरात घेतले नाही. मग तो मदत-पथकात शिरला आणि शत्रूच्याच देशात उपाशी मुलांना जेवू घालायला आला.

रांगेत नऊ वर्षांची एर्ना असे. तिचे वडील लढाईत मारले गेले होते. क्लिफर्डची हकिगत तिच्या कानावर आली, त्या दिवशी तिने वाडगा पुढे केला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भेकड!"

तो जर्मन शब्द त्याला कळत होता. त्याचा हात क्षणभर माझ्यातच थांबला. मग त्याने तळातले बटाटे काढून तिला डाव भरून वाढले. पुढे वर्षभर वाढले. तिने एकदाही मान वर केली नाही.

केंद्र बंद झाले, तेव्हा मी एर्नाच्या आईला मिळाले. माझ्यात कपडे उकळले, जॅम शिजला. पुढे तळघरात पालथे पडून मला कितीतरी वर्षे लोटली.

२०१४ च्या गणपतीत संपदा तळघरात आली. ही पीएच.डी. करणारी पुण्याची मुलगी, वरच्या खोलीतली भाडेकरू. तीस जणांच्या मसालेभातासाठी तिला मोठे भांडे हवे होते. तिने मला वर नेले. मला पाहताच घरमालकीण फ्राऊ बोडे, म्हणजे बोडेबाई, यांनी माझ्या काठावरून हात फिरवला. एर्ना ती हीच.

सगळे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "क्लिफर्ड हेज त्याचं नाव. माफी मागायची राहून गेली."

संपदाने आठवडाभर शोध घेतला. त्र्याण्णव वर्षांचा क्लिफर्ड इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात सापडला. तिने स्पीकरवर फोन लावला आणि ती दोघांचे बोलणे एकमेकांच्या भाषेत सांगू लागली.

"मला तुम्ही आठवत नाही," तो म्हणाला. "तो शब्द तेव्हा सगळेच वापरायचे."

"मी माझा परत घेते," फ्राऊ बोडे म्हणाल्या.



"माझ्या वडिलांनी तो मरेपर्यंत परत घेतला नाही," तो म्हणाला. "परत घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

फोन ठेवल्यावर फ्राऊ बोडेंनी विचारले, "संपदा, मी इतकी वर्षं का थांबले गं?" संपदाने मला घासूनपुसून त्यांच्या ओट्यावर ठेवले. 

मित्रांनो, जुनी भांडी टाकू नका, घासूनपुसून ठेवा. आणि कुणाला लागेल असे बोलला असाल, तर आजच जाऊन ते परत घ्या. सगळेच क्लिफर्डइतके जगत नाहीत.