पूर्णिमाचं पोट

तीन आठवडे पूर्णिमाचं पोट दुखत होतं. ती माझी भाची, सहा वर्षांची, पहिलीत. वहिनीने बेंबीभोवती हिंग लावला. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. दादा सॉफ्टवेअर कंपनीतून दमून येई. त्याचं निदान तयारच होतं. "नाटकं. उद्या रडलीस तर याद राख."

मी नुकतीच मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले होते. 'नाटकं' हे निदान मला पटेना. मी तक्ता आखला: कधी दुखतं, कुठे, काय खाल्लं, शी कधी झाली.

"जेवताना हेच लिहायचं असतं का?" दादाने नाक मुरडलं.

दहा दिवसांत शेवटच्या रकान्यात दोनच खुणा झाल्या. दोन्ही रविवारच्या. पोटाला डावीकडे खाली हात लावला की कडक गोळे लागत. शिवाय शाळेतून पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येई.

"पाणी का पीत नाहीस गं?"

"प्यायलं की जावं लागतं, आत्या."

शनिवारी दादाला सुट्टी होती. त्याला ओढतच खडकीला तिच्या शाळेत नेलं. मुख्याध्यापिकांनी आधी कॉम्प्युटर लॅब दाखवली. बूट बाहेर काढायचे, आत एसी, प्रत्येक मशीनवर फुलाफुलांचं कव्हर. दादा खूश.

"मुलींचं बाथरूम बघायचंय," मी म्हणाले.

"पालकांचं वर आहे."

"मुलींचंच."

वळणावरच वास आला. नळ कोरडा. दाराला कडी नाही. भांडं काठोकाठ तुंबलेलं, त्यात वहीचे कागद भिजून फुगलेले. तिथवर पोचता न आलेल्यांनी अलीकडे फरशीवरच उरकलेलं. त्यातून छोट्या बुटांचे ठसे बाहेर गेलेले. माश्या उठल्या आणि माझ्या ओठांवर बसल्या. प्रयोगशाळेत मी कुजकं मांस हाताळलं होतं. इथे ओढणीने तोंड झाकलं.

मुख्याध्यापिका नाकाला रुमाल लावून बाहेरच उभ्या. "मुलंच घाण करतात हो. घरचं वळण."

"पाणी नाही, बाई."

"मोटर बिघडलीय. दिवाळीच्या सुट्टीत बघू."

"जरा आत या ना."

"मी कशाला येऊ?"

दादा एक पाऊल आत गेला, तसाच मागे आला आणि भिंतीला हात टेकून ओकला. मग तोंड पुसून पूर्णिमाच्या वर्गाकडे गेला, तिला बाहेर बोलावलं.

"तू तिथे जातेस?"

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. रागावलाय का, ते तिला कळेना.

"नाही बाबा," ती घाईने म्हणाली. "मी घरी येईपर्यंत धरून ठेवते. रोज."