दहावी थाप

“ही थाप न्हाई, आई. आसं खरंच हुतं,” छबू म्हणाली आणि तिनं पाटीवरची ओळ थुंकी लावून पुसून टाकली.

रंगुबाईनं लेकीला मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. उसाची गाडी मागं लवली आणि दोन्ही बैल जुवासकट वर टांगले गेले. पण बापानं ते पोरीला आधीच सांगून टाकलं होतं, तेव्हा तिला त्याचं काय नवल?

गुरुजींनी चौथीच्या मुलांना थापेची गोष्ट लिहायला लावली होती. आधी पाटीवर दहा थापा जुळवायच्या, त्यातली सगळ्यांत मोठी निवडायची, वहीत उतरवायची आणि सोमवारी वर्गात वाचायची. आज रविवार होता आणि पाटीवर नऊ थापा झाल्या होत्या. नऊच्या नऊ आक्काबाईनं सांगितलेल्या.

आक्काबाई म्हणजे रंगुबाईची थोरली जाऊ. तिला मूलबाळ नव्हतं. रंगुबाई आणि तिचा नवरा श्रीमंत हे दसरा झाला की ऊसतोडीला प्रवरेकाठी जायचे ते चैत्रात पाथर्डीकडं परतायचे. तोवर छबू राहायची या जावेपाशी. दोघं परत येऊन चार दिवस झाले होते, पण पोरगी अजून आईजवळ निजायला आली नव्हती.

“बेडकाची वाच की तुझ्या आईला,” आक्काबाई चुलीपाशी भाकरी उलटत म्हणाली.

छबूनं वाचली. आपल्या विहिरीतला बेडूक बादलीत बसून वर आला आणि म्हणाला, बाई, तांब्याभर पाणी द्या, खाली सगळं कोरडं आहे. वाचता वाचता ती हसली, आक्काबाई हसली. दोघींची हसण्याची तऱ्हा सारखीच, तोंडावर पालथा हात धरून.

रंगुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही सहा महिने पाचटानं हात कापून घ्यायचे आणि ही इथं आयत्या बिळावर नागोबा. पोरीच्या वेण्या हिच्या हातच्या, बोलणं हिच्या वळणाचं, आता हसूही हिचंच. जावेनं तिला कधी वाईट वागवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तेही सुख नव्हतं.

“धावी मी सांगते,” ती म्हणाली. “लिही. एक बाई फडात ऊस तोडत हुती. दिवस भरल्याले. नवरा गाडी घिऊन कारखान्यावर गेल्ता. बाईला कळा आल्या. तिनं मोळ्यांच्या आडोशाला पोर जल्माला घातली, कोयत्यानं नाळ कापली न पोरीला लुगड्यात गुंडाळून निजवली. नवरा जाताना दोघं हुती, आला तवा तिघं.”

छबू डोळे मोठे करून ऐकत होती. मग ती एवढी हसली की पाटी मांडीवरून घसरली.

“कोयत्यानं! लई भारी थाप हाय, आई.”

चार दिवसांत पहिल्यांदा पोरगी तिच्याकडं बघून हसली होती. रंगुबाईला हुरूप आला.

“आगं, ती पोर कोन, सांग बरं? तूच ती.”

“मी? मी तर हितं झाले. ह्याच घरात, मोठ्या आईच्या हातावर. तिनंच मला पयलं न्हाऊ घातलं. व्हय का न्हाई, मोठी आई?”

तव्यावरची भाकरी करपू लागली तरी आक्काबाईचा हात हलला नाही. तिनं रंगुबाईकडं पाहिलं. ही बाई आपल्याला भ्यालेली रंगुबाईनं कधी पाहिली नव्हती.

रंगुबाईला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता. श्रीमंत साक्षीला होता, टोळीतल्या बायका होत्या. नऊ वर्षांचा हिशेब एका झटक्यात चुकता झाला असता. पण दसरा पुन्हा येणारच होता. मुकादम येणार, गाडी जुंपायची, आणि पोर पुन्हा याच बाईच्या कुशीत निजणार. तिथं तिला झोप लागायला हवी होती.

“व्हय,” रंगुबाई म्हणाली. “तू हितंच झालीस. मी आपली थाप मारली.”

आक्काबाईनं करपलेली भाकरी उतरवली आणि स्वतःच्या ताटात ठेवली. चांगली भाकरी तिनं रंगुबाईपुढं सरकवली.

“मंग फुडं काय केलं त्या बाईनं?” छबूनं विचारलं. “गोष्टीला शेवट लागतो.”

“काय करनार? नवरा दुसरी खेप भराया आला हुता. उठली न मोळ्या दिऊ लागली.”

“सगळ्यांत मोठी थाप हीच हाय,” छबू म्हणाली. तिनं वही उघडली, समास आखला आणि घोटीव अक्षरात पहिली ओळ लिहिली, ‘एक बाई होती.’