अकरा उतरंडी

अहमदपूरहून बालाघाटाच्या डोंगरात शिरलं की एक पांढरा माळ लागतो. नांगर घालावा तर चुनखडीवर खडखडतो, शेळी सोडावी तर अर्धपोटी परत येते. माळाच्या टोकाला शंभर फुटांचा कडा, खाली तलाव आणि तलावापलीकडं एकामागं एक डोंगर. गावानं तिकडं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग लातूरची माणसं जाड बूट घालून आली, "काय व्ह्यू आहे!" म्हणाली, तेव्हा गावाला कळलं की आपल्याकडं बघण्यासारखं काहीतरी आहे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं काही पिकतच नव्हतं, आणि तेच विकलं गेलं.

ही अक्कल सरजाबाईच्या व्यंकटची. दर रविवारी तो लोकांना कड्यावर न्यायचा आणि सरजाबाई पायथ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांना चहा द्यायची. त्या माळावर पाऊलवाट टिकत नाही, चहूकडं सारखंच दिसतं. त्यात मार्गशीर्षात सकाळी धुई उतरते. तुरीचा फुलोरा गाळणारी ती धुई माणसालाही वीस-पंचवीस पावलांपलीकडचं दिसू देत नाही. म्हणून व्यंकटनं वाटेवर दगडांच्या उतरंडी रचल्या. खाली मोठा दगड, वर त्याहून लहान, त्याच्यावर आणखी लहान, घरातल्या मडक्यांसारख्या. दसरा झाला की तो त्यांना चुना लावायचा. मळकट माळावर ताजा चुना दुरून दिसतो. अशा अकरा उतरंडी होत्या. अकरावी कड्यापासून वीस पावलं अलीकडं. तिथून डावीकडं वळलं की एक सपाट खडक होता, तिथं बसून बघायचं.

"अकरावीच्या फुडं पाय न्हाई," असं तो प्रत्येकाला बजावायचा.

आणि स्वतःच गेला. मागच्या मार्गशीर्षात कुणा पाहुण्याचा गॉगल कड्याखालच्या कपारीत पडला. व्यंकट उतरला, गॉगल वर फेकला, आणि वर येताना त्याचा पाय सुटला. गॉगलवाल्यानं गॉगल उचलून खिशात ठेवला म्हणे. असल्या माणसाला काय म्हणावं!

त्या भागात रिवाज आहे. अवेळी माणूस गेला त्या जागी येणाऱ्याजाणाऱ्यानं एकेक दगड ठेवायचा. त्या वजनानं मेलेला जाग्यावर राहतो, भटकत नाही. पण कड्याच्या काठाला येतंय-जातंय कोण? म्हणून सरजाबाई एकटीच जायची. दर सोमवारी एक दगड. पावसाळ्यात ढीग घसरायला लागला, तेव्हा तिनं तो लेकाच्या पद्धतीनं नीट रचला. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तिला घरात चुन्याचा डबा सापडला. तळाशी व्यंकटनं कालवलेला चुना वाळून बसला होता. तिनं पाणी घालून तो ढवळला, वर नेला आणि त्या दगडांना हातानंच फासला. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या जिवाला बरं वाटलं.

पुढचा रविवार उजाडला तोच धुईत. व्यंकट गेला तरी लोक यायचे थांबले नव्हते, लातूरहून दहा-बारा जण आले. त्यात आरती नावाची मुलगी होती, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, व्यंकटबरोबर आधी दोनदा येऊन गेलेली. बाकीचे चहात आणि फोटोत रमले, ही घाईवर आली होती.

"आजी, मी होऊ का पुढं? धुकं लई हाय, पण वाट सापडंल की."

"जा की पोरी," सरजाबाई म्हणाली. "माझ्या लेकाच्या उतरंडी धरून जा. चुकायची न्हाईस."

चहा झाल्यावर बाकीचेही वर गेले, आणि अर्ध्या तासानं धावत, धडपडत खाली आले. आरती वर नव्हती, आणि कड्याखालून तिच्या फोनची रिंग ऐकू येत होती. माणसं जमली, सरजाबाईही त्यांच्यामागं चढली. अकराव्या उतरंडीपाशी दम घ्यायला थांबून तिनं समोर पाहिलं. कडा दिसत नव्हता, तलाव दिसत नव्हता. आधीच्या अकरांचा चुना पावसानं धुऊन गेला होता. दिसत होती फक्त एक पांढरीशुभ्र उतरंड, तिनं स्वतः चुना लावलेली. तिकडं जायची वाट असावी तशी उभी होती. सरजाबाई तिथूनच माघारी वळली. लोकांना वाटलं, तिला लेकाची आठवण आली.

पंचनामा झाला. वाटेच्या खुणा थेट कड्यापर्यंत नेतात, असं त्यात लिहिलं गेलं. खुणा कुणी केल्या? मयत व्यंकटनं. पोलीस पाटील माणिकप्पाला सगळं ठाऊक होतं. सोमवारी दगड घेऊन चढणारी म्हातारी त्यानं वर्षभर पाहिली होती. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"काकू, गप ऱ्हावा. मेल्याला काय व्हतंय? जित्याला लई बेजार करत्यात हे लोक."

ती गप्प राहिली. भीतीपुढं आई कमी पडली. चार दिवसांत गावाच्या तोंडी एकच झालं, की व्यंकट स्वतः तर मेलाच, वर लोकांच्या पोरीला खड्ड्यात घालून गेला. पिठाच्या गिरणीवर ते तिच्या कानावर आलं. दळण तिथंच टाकून ती घरी आली.

तेराव्या दिवशी शेडपुढं जीप थांबली. आरतीची आई उज्वला उतरली, ती लातूरच्या एका शाळेत बाई होती. डोळे कोरडे, चेहरा सुजलेला.

"मावशी, तुमच्या मुलावर माझा राग न्हाई," ती म्हणाली. "तोबी कुणाचं तरी लेकरूच होतं. मला वर न्या. आमच्या माहेरीबी दगड ठेवत्यात. दोघांसाठी एकच ठेवते."

शिव्या दिल्या असत्या तर सरजाबाईला सोपं गेलं असतं. ती पुढं चालू लागली. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, डोंगर डोंगरामागं दिसत होते, तलाव चकाकत होता. सगळं इतकं देखणं होतं की सरजाबाईला त्याची चीड आली. अकराव्या उतरंडीपाशी उज्वलानं मुठीएवढा एक दगड उचलला आणि कड्याच्या काठाशी जाऊन वाकली. सरजाबाईनं तिचं मनगट धरलं.

"हिच्यावर ठिवू नका, बाई."

"कामून?"

"ही व्यंकटची न्हाई. त्यानं अकराच घातल्या व्हत्या. ही म्या रचली, त्याच्या नावानं. म्याच चुना लावला. अन् तुमच्या लेकीला म्याच सांगितलं, उतरंडी धरून जा म्हणून."

उज्वलानं मनगट सोडवून घेतलं. सरजाबाईला वाटलं, आता ही आपल्याला ढकलते. ढकललं असतं तर सावरायला सरजाबाईनं हात पुढं केला नसता.

"पोलिसाला सांगितलं?"

"न्हाई. लेकाचं नाव गेलं तरी गप बसले."

"सांगाल?"

"सांगते. अंगठा देते. आजच."

"मग हे काढा," उज्वला म्हणाली आणि मागं सरकून खाली बसली.

सरजाबाईनं एकेक दगड उचलला, लांब नेला आणि गवतात इकडंतिकडं टाकला. कडा दोन पावलांवर होता, पण खाली एकही टाकला नाही, खाली ती पोरगी पडली होती. वरचे हलके होते. खालच्यांपर्यंत येता येता ती दमली, उचलवेना, तेव्हा तिनं ते ढकलत नेले. बोटं सोलली, चुना झोंबू लागला. उज्वला बघत राहिली, मदतीला उठली नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिथं नुसती जमीन उरली. सोमवारी कुठं यायचं, हे सरजाबाईला कळेना, आणि ती वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

उज्वला उठली. हातातला दगड तिनं मघापासून सोडला नव्हता. तिनं मोकळ्या जमिनीकडं पाहिलं, मग दगडाकडं.

"आता इथं ठेवला, तर परत कुणीतरी दुसरा ठेवंल," ती म्हणाली.

तो दगड पदरात बांधून ती माळ उतरली आणि लातूरला घेऊन गेली.