मागच्या चाकाचे नट

आमचे कासीमसाहेब मोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांची टेप काही निवृत्त झाली नाही. हे मोजतात फार आणि बघतात कमी, ही माझी लग्नापासूनची तक्रार. गेल्या महिन्यात ती निम्म्या भवानी पेठेला कळली.

झालं असं की माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अठ्ठावीस वर्षं मी सायकलवरून शाळेत शिकवायला जात होते, आणि आता पाय काटकोनाच्या पुढे वाकेना. घरी व्यायाम शिकवायला बुद्धप्रिया यायची. गोड मुलगी, पण बोलायला सडेतोड. महिनाअखेरपर्यंत वाकला नाही तर पुढे वाकेलच असा भरवसा नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं. सायकलचं पेडल एकदा पूर्ण फिरलं की समजायचं, पाय आपला झाला. मी शहाण्यासारखी मान हलवली आणि ती गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडले.

पुण्याहून आमच्या मुलानं, अझरुद्दीननं, लगोलग स्वतःचा ट्रेनर पाठवला. ट्रेनर म्हणजे लोखंडी स्टँड. त्याला दोन वाट्या असतात, त्यांत मागच्या चाकाची दोन्ही टोकं धरायची, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येते. सोबत दोन स्क्युअर होत्या, म्हणजे चाकाच्या आसातून आरपार घालायच्या सळया. दोन्हींची टोकं वाटीत बसतील अशी गोल, फक्त एक आखूड, एक लांब. त्यांतली योग्य ती निवडा, एवढंच त्यानं फोनवर सांगितलं.

एवढंच काम, पण ह्यांनी त्यात अख्खी दुपार घालवली. माझ्या जुन्या सायकलचं मागचं चाक डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, कागदावर आकृती काढली. शेवटी लांब स्क्युअर पास झाली. मग ती घालायला भोक शोधू लागले, तर भोकच नाही. आपल्याकडच्या साध्या सायकलीचा आस भरीव असतो, दोन्हीकडून नटांनी आवळलेला. त्यातून सळई जाणार कुठून?

अझरुद्दीनची हसून हसून पुरेवाट झाली. अशा सायकलला स्क्युअर चालतच नाही, गोल टोकाचे वेगळे नट लागतात, म्हणाला. ते मागवले तर यायला पंधरा दिवस, नाहीतर सरळ नवी सायकल घेऊन टाकू. पंधरा दिवस माझ्याकडे नव्हते. आणि नवी सायकल मला नको होती. ही बुटकी, हिच्यावर मला पाय फार न उचलता बसता येतं, आणि शिवाय ती माझी आहे.

मग ह्यांना ईश्वरप्पा आठवला. पेठेत त्याचं लेथ मशीन आहे, यंत्रमागाचे सुटे भाग बनवतो. त्याचा एकच नियम. आकडे सांगू नका, नमुना आणा. हे नमुन्याचा एक नट घेऊन गेले आणि संध्याकाळी दोन नवे, चकचकीत, गोल टोकाचे नट घेऊन मोठ्या थाटात परतले. मागच्या चाकावर लावायला बसले, तर एकही चढेना. तेल लावलं, फुंकर मारली, ईश्वरप्पाला नावं ठेवून झाली.

मी पलंगावरून बघत होते. पुढच्या चाकाला एका बाजूला नट नव्हता. नमुना कुठल्या चाकाचा नेला होता, असं मी विचारलं. ह्यांनी हातातला नट खाली ठेवला. मागे चेन, कव्हर, कॅरियर, स्टँड, किती काय काय काढायचं, म्हणून पुढचा काढला. नट तो नट, म्हणाले. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा पोट धरून हसले. हसता हसता गुडघा दुखला तरी हसले.

दुसऱ्या दिवशी मीच रिक्षात बसले. दवाखाना सोडून कुठं गेले नव्हते इतक्या दिवसांत. मागचं चाक मांडीवर, काठी हातात, आणि शेजारी हे, तोंड पाडून.

ईश्वरप्पानं चाक हातात घेतलं आणि ह्यांच्याकडे बघून मान हलवली. "पुढचा आस बारीक असतोय साहेब, मागचा जाड. समदा भार मागंच की." मग माझ्याकडे वळला. "बाई, तुमी कशाला आलाव असला पाय घेऊन?"

"ह्या खेपेला नमुना मी आणलाय," मी म्हणाले.

दुपारपर्यंत त्यानं प्रत्यक्ष चाकावर चढवून बघत बघत नट केले. घरी ट्रेनरच्या वाट्यांत ते असे बसले, की सायकल तसूभर हलेना.

पण पाय फिरेना. पेडल वर यायचं, एका जागी अडायचं, मागे फिरायचं. रोज सकाळी तेच. हे रोज माझ्यासमोर खाली बसायचे आणि नट तपासायचे. नट पक्केच होते. त्यांना माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं, एवढंच. मलाही ते कळत होतं, म्हणून मी त्यांना नट तपासू देत होते.

नवव्या दिवशी महिना संपायला दोन दिवस उरले होते. पेडल वर आलं, नेहमीच्या जागी अडलं. मी हँडल घट्ट धरलं, शाळेत कधी तोंडातून काढली नाही अशी एक शिवी घातली, आणि पाय पलीकडे उतरला. मला खरंच वाटेना. पुन्हा फिरवलं. पुन्हा उतरला.

"नट राहू द्या," मी म्हणाले. "इकडे बघा."

त्यांनी वर बघितलं. बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिले. मग बारीक आवाजात म्हणाले, "परत फिरव."

मी फिरवलं.

"परत."

मी पुन्हा फिरवलं आणि खाली बघितलं. जमिनीवर तसेच बसून ते रुमालानं डोळे पुसत होते. मी मात्र पेडल मारतच राहिले.