सफरचंद कापणारा माणूस

ऑरिन गेफार्टकडे खटक्याचे त्रेचाळीस चाकू होते, आणि त्यातला एकही खिशात घालून फिरायची सोय नव्हती.

त्याचे आजोबा आणि वडील दोघेही गावातल्या चाकूच्या कारखान्यात पात्यांना धार लावायचे. कारखाना बंद पडला तेव्हा ऑरिन टपालखात्यात चिकटला, पण वेड काही सुटलं नाही. लिलावात, जत्रेत, कुणी म्हातारा वारला की त्याच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, तो बटण दाबलं की सटकन पातं बाहेर येणारे चाकू हुडकत राहिला. घरी त्यांच्यासाठी काचेचं कपाट होतं. बायको लोर्ना त्याला ‘दवाखाना’ म्हणायची, कारण ऑरिन रोज तेलाची बाटली घेऊन एकेकाची तब्येत विचारायचा.

पेन्सिल्व्हेनियात तेव्हा खटक्याचा चाकू बाळगणं हा गुन्हा होता. त्यातून सुटायच्या ज्या मोजक्या वाटा होत्या, त्यांतल्या दोन ऑरिनला तोंडपाठ होत्या. एक, चाकू निव्वळ संग्रहातली वस्तू म्हणून ठेवलेला असावा. दुसरी, तो नाटकात वापरायचा असावा.

सप्टेंबरातल्या एका रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वर्गणीसाठी पॅनकेकची न्याहारी होती. ऑरिनने खिशातून शिंपल्याच्या मुठीचा, ऐंशी वर्षांचा चाकू काढला, बटण दाबलं आणि सफरचंदाच्या फोडी करू लागला. समोरच गावची पोलीस टेस कोवाल्चिक बसली होती. तिचा घास हातातच राहिला.

“मिस्टर गेफार्ट, हे काय?”

“सफरचंद.”

“त्याच्यात काय खुपसलंय ते विचारतेय.”

“संग्रहातली वस्तू आहे ती. तुला ठाऊक आहे, टेस. लहानपणी माझ्या कपाटाच्या काचेला नाक लावून तासन्‌तास उभी असायचीस.”

“संग्रहातली वस्तू कपाटात बसते. सफरचंद कापत नाही.” तिने वही काढली. “फोडी संपवा सावकाश. मग चाकू द्या.”

खटला न्यायाधीश बर्निस रूल यांच्यापुढे आला. ऑरिनने वकील केला नाही. कायदा आपल्याला पाठ आहे, मग वकिलाला कशाला त्रास, असं त्याचं म्हणणं. संग्रहाचा मुद्दा बाईंनी दोन मिनिटांत निकालात काढला. टेस समाधानाने टोपी नीट करू लागली, तेवढ्यात ऑरिनच्या तोंडून निघून गेलं, “तो नाटकासाठी होता, जजसाहेब.”

बाईंनी चष्मा काढला. “कुठल्या नाटकासाठी?”

“चर्चच्या तळघरात बसवतायत ते. मी सराव करत होतो.”

“तुमची भूमिका काय?”

“सफरचंद कापणारा माणूस.”

“प्रयोग कधी आहे?”

टपाल कचेरीतल्या फळ्यावर ऑरिनने जाहिरात पाहिली होती. “नोव्हेंबरचा पहिला शनिवार.”

“मी येते,” बाई म्हणाल्या. “निकाल त्यानंतर. टेस, तालमीपुरता यांना चाकू देत जा. तालीम संपली की परत घे.”

ऑरिन तडक व्हर्ना होस्टेटरच्या घरी गेला. नऊ वर्षं ती गावात नाटकं बसवत होती, आणि नऊ वर्षांत एकही पुरुष तिच्या मंडळीत फिरकला नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांची डोरोथी मिशी लावून सगळे नवरे, पाद्री आणि दरोडेखोर करायची.

“खोटं बोललास ते बोललास,” व्हर्ना म्हणाली, “वर चर्चला कशाला ओढलंस?”

“चुकलं माझं.”

“उंची किती तुझी?”

“सहा फूट.”

“ये उद्यापासून.”

नाटक तीन बहिणींचं होतं. त्यांचा बाप पडदा उघडायच्या आधीच मेलेला होता. व्हर्नाने एका रात्रीत त्याला जिवंत केलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत सफरचंदं देऊन बसवलं. दर तालमीला टेस दारात चाकू काढून द्यायची आणि मोजून दोन तासांनी परत घ्यायला हात पुढे करायची. मधल्या वेळात तिलाही सगळ्यांचे संवाद पाठ झाले.

प्रयोगाला तळघर भरलं. न्यायाधीशबाई दुसऱ्या रांगेत होत्या. दुसऱ्या अंकात बहिणींचं भांडण विकोपाला जातं, तेव्हा बापाने चाकू उघडायचा आणि त्या आवाजाने पोरी गप्प व्हायच्या, असं ठरलं होतं. ऑरिनने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. आत काहीतरी बारीकसं तुटल्याचं त्याच्या बोटाला कळलं.

ऐंशी वर्षं टिकलेली स्प्रिंग. ती घडवणारा कारागीर, कारखाना, सगळं केव्हाच गेलं होतं. ऑरिन चाकूकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“बाबा, राहू द्या,” थोरल्या बहिणीचं काम करणारी डोरोथी पदरचं वाक्य टाकून म्हणाली. तळघरात रुमाल बाहेर निघाले.

सोमवारी बाईंनी निकाल दिला. “नाटक होतं, यात शंका नाही. मीही रडले. केस संपली.”

“जजसाहेब,” टेस म्हणाली, “ते नाटकासाठी नाही, स्प्रिंगसाठी रडत होते.”

“कशासाठी रडावं ते कायद्यात लिहिलेलं नाही.”

ही बातमी डोंगरापलीकडच्या गावांपर्यंत गेली. पुढच्या मंगळवारी व्हर्नाच्या दारात अकरा पुरुष उभे राहिले. सगळे संग्राहक, सगळ्यांना अचानक अभिनयाची ओढ लागलेली. वसंतात जे नाटक झालं, त्यात एका चहापानाच्या प्रसंगी बारा माणसं पाळीपाळीने पत्र फोडत, चीज कापत, सुतळी तोडत होती. टेस दारात नावांची यादी घेऊन प्रत्येकाची भूमिका तपासायची. स्टॅन या इसमाला व्हर्नाने तिसऱ्याच तालमीत सुनावलं, “तुला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. चाकू कपाटात ठेव.” स्टॅन महिनाभर आरशापुढे बोलत बसला आणि परत आला.

मग पुढचा जानेवारी उजाडला आणि कायदाच बदलला. खटक्याचा चाकू आता कुणीही, कुठेही, उघडपणे खिशात ठेवावा.

त्यानंतरच्या पहिल्या तालमीच्या मंगळवारी बर्फ पडत होतं. ऑरिन तळघरात उतरला तेव्हा व्हर्ना मांडलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्या घडी करून भिंतीला लावत होती. दारात टेस नव्हती.

“तुला आता यायची गरज नाही, माहितेय ना?” व्हर्ना त्याच्याकडे न बघता म्हणाली.

“पेपर वाचतो मी.”

अर्ध्या तासात आणखी तिघं आले. त्यांत स्टॅन होता. त्याने चाकू आणलाच नव्हता, आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. व्हर्नाने नव्या नाटकाची पानं वाटली. ऑरिनच्या वाट्याला बिशप आला, पावणेतीन पानांचं भाषण असलेला. त्याने पानं पुढून मागून चाळली.

“यात मी कापायचं काय?”

“काही नाही.”

“मग हातांचं काय करू?”

“आधी बोलायला लाग,” व्हर्ना खुर्चीत बसत म्हणाली. “हातांचं नंतर बघू.”