काचेच्या कपाटातलं बीपीचं मशीन

मी बीपीचं मशीन बोलतोय. हो, तेच जुनं, पाऱ्याचं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबायचा आणि नळीत पारा चढताना बघायचा. काचेच्या कपाटात कुलूपबंद आहे, त्यामुळे आवाज जरा बारीक येईल, सांभाळून घ्या.

माझं निम्मं आयुष्य इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात गेलं. तिथल्या सिस्टरच्या हाताखाली मी होतो. बाई कडक. "जिना चढून आलीस ना? बस पाच मिनिटं. आणि तोंड बंद ठेव, बोललं की बीपी वाढतं." पण स्टेथोस्कोपची थंडगार चकती आधी स्वतःच्या तळहातावर चोळून गरम करायची, मगच पेशंटच्या हाताला लावायची. एवढ्यासाठी वॉर्डातल्या सगळ्या जणी तिच्यावर जीव टाकायच्या.

पुढे बॅटरीवरची मशीनं आली आणि मी भंगारात निघालो. नेमकी त्याच महिन्यात सिस्टर निवृत्त झाली. तिनं कुठल्याशा कागदावर सही केली आणि मला काखोटीला मारून घरी आणलं. "चल, दोघंही रिकामे झालो," म्हणाली.

रिकामे कसले! संध्याकाळ झाली की अर्धी गल्ली आमच्या दारात. तिची एक खोड होती. पेशंटला ती कधीच आकडा सांगायची नाही. "छान आहे," एवढंच. मग त्याच्या घरच्या माणसाला जिन्यात गाठायची आणि खरा आकडा, कुठला डॉक्टर, मीठ किती, सगळं दमात घेऊन सांगायची. घाबरलेल्या माणसाचं बीपी आणखी चढतं, असं तिचं म्हणणं. मला ते फारसं पटायचं नाही. मला आत एक, बाहेर एक जमत नाही.

सिस्टरची नात बाळंतपणाला घरी आली होती. नववा महिना लागला होता. एका दुपारी सगळं आवरल्यावर सिस्टरनं पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे दहा. तिनं पुन्हा बघितलं. तेच.

"म्हातारचळ लागलाय तुला," असं मलाच म्हणाली. मग दंडाचा पट्टा सोडून गुंडाळायला लागली. "बाळ येऊ दे आधी. आत्ता मी जाऊन कॉटवर पडले तर पोरीला धीर कोण देणार?"

आतून नातीनं विचारलं, "आजी, तुझं किती आलं गं?"

"छान आहे."

तिच्या घरच्यांना जिन्यात गाठून खरं सांगणारं कुणीच नव्हतं. मी होतो, पण मला कोण विचारतंय? तिनं झाकण लावून टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी दूध तापवता तापवता ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. बाळ त्यानंतर आठवड्यानं आलं. मला तिचा राग येतो, अजूनही येतो. आणि तिच्या हाताची इतकी आठवण येते की काही सुचत नाही.

तिच्या मुलानं, म्हणजे या नातीच्या वडिलांनी, माझ्यासाठी हे कपाट करून घेतलं. "आईची वस्तू आहे. कुणी हात लावायचा नाही." तीन वर्षं झाली. काच रोज पुसली जाते. पाहुणे येतात, माझ्याकडे बघून डोळे टिपतात, चहा पितात आणि जातात. कौतुकाला तोटा नाही, पण श्वास घ्यायला जागा नाही. माझं रबर वाळून कडक झालंय.

इथून मला मुलगा रोज दिसतो. सकाळी मान चोळत उभा राहतो. वाकला की भिंतीला हात टेकतो. नात माहेरी आली की मागे लागते, तर म्हणतो, "मला काय धाड भरलीय? आईला कधी बीपी नव्हतं, मला कुठून येणार?"

हे ऐकून मी आतल्या आत तडफडतो.

आज नात हट्टालाच पेटली. "बाबा, तुम्ही दवाखान्यात येत नाही ना? मग निदान आजीच्या मशीनवर तरी बघू द्या." आईचं नाव निघाल्यावर तो विरघळला. कुलूप उघडलं. तीन वर्षांनी मला माणसाचा दंड लागला, चांगला ऊबदार. पोरीनं फुगा दाबला. हवा फुसफुसत बाहेर गेली. मी जिवाच्या आकांतानं पारा रेटला. तो नव्वदपर्यंत गेला, थरथरला आणि खाली घसरला.

"बघ, शंभरसुद्धा नाही!" तो हसला. "उगाच जिवाला घोर लावून घेतेस." मला आत ठेवून त्यानं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

नात अजून काचेपाशीच उभी आहे. बोटांना लागलेला रबराचा भुगा बघतेय. पोरी, माझा फुगा चिरलाय. मी जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो, तेही मनात नसताना. तुझ्या आजीचं एकशे नव्वद होतं गं, आणि हे फक्त मला ठाऊक आहे. तो बघ, बूट घालायला वाकलाय आणि अजून उठलेला नाही. माझ्याकडे बघत उभी राहू नकोस. त्याला हाताला धर आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन जा.