लिफ्टचा ठराव

आमच्या कामगार साप्ताहिकाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. एवढ्यावरून आमच्यात सव्वा वर्ष वाद चालला होता. बैठकीचं इतिवृत्त मी लिहिते, म्हणजे मला तो दोनदा सोसावा लागला: एकदा ऐकताना, एकदा लिहिताना.

भांडणारे दोघं आमच्याच मंडळातले, एकमेकांचे साडू. एक बस डेपोतले मेकॅनिक, दुसरे सरकारी बागेतले माळी, आणि सख्य विळ्याभोपळ्याचं. मेकॅनिक म्हणायचे, "यंत्र वाईट नसतं हो, मालक वाईट असतो. यंत्रानं कष्ट वाचतात. बसवा लिफ्ट!" माळी म्हणायचे, "आज लिफ्ट, उद्या एसी, परवा आणखी काही. पृथ्वी काय रबराची आहे? कुठंतरी पुरे म्हणायला शिका." त्यावर मेकॅनिक, "पोट भरलेल्यांनाच पुरे म्हणता येतं!" तोवर चहा निवायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या सांगत, घरी दोघंही पाण्याचा ग्लाससुद्धा हातानं घेत नाहीत.

हे सगळं सुरू झालं ते प्रूफवाल्या मावशींसाठी. एकोणतीस वर्षं त्या अंकाचा शब्दन् शब्द तपासत आल्या. आता गुडघे गेले होते. तक्रार कधी केली नाही, पण दहाला येणाऱ्या मावशी साडेदहाला येऊ लागल्या, मग पावणेअकराला. आणि एका बैठकीच्या दिवशी आल्याच नाहीत. चहावाल्यानं वर त्यांची चिठ्ठी आणून दिली. राजीनामा होता.

मी धावत खाली गेले. पहिल्या मजल्याच्या वळणावर मावशी पायरीवर बसल्या होत्या, चष्मा मांडीवर.

"पाय नाही म्हणतात गं आता," त्या म्हणाल्या. "घरी बसून काय करणार, ते मात्र विचारू नकोस."

मला रडूच आलं. पण नियम मला पाठ आहेत. राजीनामा द्यायचा तर माणूस बैठकीत हजर हवा. माणूस वर येत नसेल तर बैठक खाली येईल! मी सगळ्यांना हाका मारल्या. आठ जण जिन्यावर बसले आणि दोन्ही साडूंनी तिथंही लिफ्टच काढली.

"अरे, थांबा," मावशी म्हणाल्या. "सव्वा वर्ष तुमचे लेख तपासतेय. मला दोघांचंही पटतं. पण तळमजल्यावर आपली खोली आहे ना? तिच्यात काय आहे?"

सगळ्यांनी दोन्ही साडूंकडे पाहिलं. तिच्यात होत्या न खपलेल्या पुस्तिका. मेकॅनिकांनी यंत्रांच्या बाजूनं लिहिलेल्या अकराशे, माळ्यांनी विरुद्ध लिहिलेल्या नऊशे.

"त्यांना वर न्या की. पुस्तकांना गुडघे नसतात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी चिडून विचारलं, "मावशी, आधी का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलंच नाही गं."

पुस्तिका वर, मावशींचं टेबल खाली, असा ठराव एकमतानं झाला. ज्यानं लिहिलं त्यानंच वाहायचं, ही ओळ मी माझ्या पदरची घातली.

रविवारी गठ्ठे चढू लागले. सहाव्या खेपेला माळी घामाघूम होऊन पायरीवर बसले. "साडूभाऊ, एखादी छोटी लिफ्ट... सामानापुरती..."

मेकॅनिक कठड्याला धरून धापा टाकत होते. "लिफ्ट राहू द्या हो. एवढी छापायचीच कशाला? कुणीतरी पुरे म्हणायला हवं होतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले. मी वही उघडून दोन्ही वाक्यं टिपून घेतली.

सोमवारी मावशी पावणेदहालाच हजर. तळमजल्यावर खिडकीशी त्यांचं टेबल लागलं होतं. मी इतिवृत्त तपासायला दिलं. दोन्ही साडू मागं उभे. "मावशी, तेवढी दोन वाक्यं खोडा ना."

मावशींनी पेन उचललं आणि समासात लिहिलं: जसंच्या तसं ठेवा. मग इतिवृत्ताला जोडलेला आपला राजीनामा वर घेतला, आणि तो मात्र आडव्या रेघा मारून पार खोडून टाकला.